माडावरून पडून मणका मोडला: स्क्रू घालायचे की पट्ट्यावर भागेल?

प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यातल्या एका मुलाने लिहिलंय. वडील ५६ वर्षांचे. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, दोन आठवडे फिरकला नाही म्हणून घरच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, स्वतःच माडावर चढले आणि साधारण बारा फुटांवरून बसत्या अंगाने खाली आले. एल-वन, म्हणजे कंबरेच्या पहिल्या मणक्याचं बर्स्ट फ्रॅक्चर. पाय हलतात, लघवी होते. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मागच्या लिगामेंटबद्दल 'दुखापतीचा संशय' असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी स्क्रू-रॉड घालायला सांगितलं, दुसरे म्हणाले पट्टा बांधा, शस्त्रक्रियेवाचून जमेल. आता घरात दोन तट पडलेत. शिवाय विचारलंय की पाठीत लोखंड जन्मभर राहणार का, इम्प्लांट भारतीय घ्यायचं की परदेशी, आणि आत्याच्या मणक्यात दोन वर्षांपूर्वी बारीक छिद्रातून सिमेंट भरलं होतं, तेच बाबांना का नको.

बाकीचं नंतर वाचा, आधी बाबांकडे जाऊन बघा. दोन्ही पायांचे अंगठे डॉक्टरांच्या हाताला जोर लावून वर उचलता येतात का? घोट्यात पाय दाबता येतो का? बसल्यावर खुर्चीला जो भाग टेकतो, म्हणजे बैठक आणि जांघांची आतली बाजू, तिथे स्पर्श नीट कळतो का? लघवी होते म्हणजे पूर्ण होते, की थेंबथेंब होऊन पोट फुगलेलंच राहतं? यातलं काहीही कालच्यापेक्षा आज कमी झालं असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा आणि आडव्या अवस्थेतच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात न्या. तिथे पुढचे प्रश्न कुणी विचारणार नाही, थेट ऑपरेशन ठरेल.

तसं काही नसेल तर निवांत वाचा.

गेली बावीस वर्षं मी मणक्याच्या शस्त्रक्रिया करतोय आणि त्यातली बरीचशी वर्षं गोव्यात गेली. इथल्या मोडक्या मणक्यांना ठरलेले हंगाम असतात. मे महिन्यात छपरावर चढून कौलं परतणारे. चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानातली फळं काढायला झाडावर चढलेले. बारा महिने माड आणि पोफळी आहेतच. उरलेले दुचाकीवाले. आणि वयस्कर बायका, ज्या बसच्या अगदी मागच्या सीटवर बसतात आणि गतिरोधकावर उडून परत सीटवर आपटतात. तुमच्या आत्याचं तसंच काहीसं झालं असावं असा माझा अंदाज.

मोडतो तो मणका बहुतेक वेळा एल-वन किंवा त्याच्या शेजारचा. छातीचे बारा मणके बरगड्यांनी जखडलेले असतात, कंबरेचे पाच मोकळे हलतात. ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो त्या सांध्यावर सगळा मार येतो. बसत्या अंगाने पडलं की खालून जमीन आणि वरून शरीराचं वजन, मध्ये मणक्याचा ठोकळा दाबला जातो. नुसती पुढची कड चेपली तर ते कॉम्प्रेशन फ्रॅक्चर. ठोकळा चहूबाजूंनी फुटला आणि त्याची मागची भिंतही गेली तर बर्स्ट. त्या मागच्या भिंतीचा तुकडा पाठीमागच्या नळीत सरकतो, आणि त्याच नळीत मज्जारज्जू असतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल-वन, एल-टूच्या पातळीला संपतो, खाली नुसता नसांचा झुपका. म्हणजे बाबांचा तुकडा अगदी नाजूक जागी आहे, आणि तरी पाय हलतात. हे नशीब.

रिपोर्टमध्ये 'नळी ४० टक्के अरुंद' असं काही छापलेलं असलं तर त्या आकड्याने घाबरून जाऊ नका. नसा शाबूत असतील तर तो आकडा एकटा ऑपरेशन ठरवत नाही. नळीत आलेलं हाड शरीर पुढच्या वर्षभरात बरंचसं झिजवून टाकतं. मी वर्षानंतरचे सीटी स्कॅन बघितलेत, जिथे आधी तुकडा होता तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा उरलेला.

मग दोन डॉक्टरांची दोन मतं कशी? यात कुणी लबाड नाही. आमच्याकडे टीएलआयसीएस नावाची एक गुणपद्धत आहे, २००५ सालची. तीन गोष्टींना गुण देतात. मणका कसा मोडलाय: चेपला तर १, बर्स्ट असेल तर २, सरकला किंवा पिळला गेला तर ३, ताणून उघडला तर ४. नसांची स्थिती: शाबूत असतील तर ०, एखादी नस दबली असेल किंवा मज्जारज्जू पूर्ण गेला असेल तर २, अर्धवट इजा असेल तर ३. आणि पाठीमागचे लिगामेंट: शाबूत असतील तर ०, संशय असेल तर २, नक्की फाटले असतील तर ३. बेरीज ३ किंवा कमी आली तर शस्त्रक्रिया नको. ५ किंवा जास्त आली तर करा. बरोबर ४ आली तर दोन्ही मार्ग चालतात.

आता बाबांची बेरीज करा. बर्स्टचे २, नसांचे ०, संशयाचे २. झाले ४.

तुम्ही दोन डॉक्टरांकडे गेलात आणि दोन उत्तरं घेऊन आलात, कारण केस नेमकी कुंपणावर बसलीय. तिसऱ्याकडे गेलात तर तिसरं मत येईल आणि तेही बरोबर असेल. म्हणून मत गोळा करायचं थांबवा. त्या संशयाचं काय ते आधी ठरवायला हवं. मागचे लिगामेंट म्हणजे मणक्यांच्या काट्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. त्या शाबूत असतील तर पुढचा फुटलेला ठोकळा पट्ट्याच्या आधारानेही जुळतो. त्या तुटल्या असतील तर बाबा उभे राहिले की पुढून मणका आणखी दबेल, मागून उघडेल आणि पाठीला बाक येईल. लिगामेंट हाडासारखा भरवशाने जुळत नाही, तो थातूरमातूर चिकटतो.

हे ठरवायचे दोन मार्ग. एमआरआयमध्ये स्टिर नावाची एक पद्धत असते, त्यात सूज पांढरी चमकते. ती फिल्म काढलीय का विचारा आणि काढली असेल तर रिपोर्टवर न थांबता ती फिल्म सर्जनला दाखवा. रिपोर्टमधला 'संशय' कधीकधी रिपोर्ट लिहिणाऱ्याची सावधगिरी असते. दुसरा मार्ग जुना आणि स्वस्त आहे. लिगामेंट उघड फाटलेले दिसत नसतील तर पट्टा बांधून, सर्जनच्या देखरेखीखाली, बाबांना उभं करायचं आणि उभ्यानेच एक्स-रे काढायचा. झोपून काढलेल्या एक्स-रेशी तो ताडून बघायचा. बाक तेवढाच राहिला तर पट्टा. बाक दहाएक अंशांनी वाढला, किंवा उभं राहताच वेदना सहन होईना, की स्क्रू. माझ्याकडे कुंपणावरची केस आली की मी हेच करतो. हे घरी करून बघायचं नाही, एवढं कृपया लक्षात ठेवा.

नसा शाबूत असलेल्या स्थिर बर्स्ट फ्रॅक्चरमध्ये ऑपरेशन आणि पट्टा यांची तुलना करणारा एक अमेरिकी अभ्यास २००३ साली आला. रुग्ण थोडेच, पन्नासच्या आसपास. काही वर्षांनी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. त्याच रुग्णांना पुढे सोळा ते बावीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा पट्टावाल्यांची पाठ कमी दुखत होती. आम्हा सर्जन लोकांना हा निकाल आवडत नाही, पण तो आहे. फक्त त्यातला 'स्थिर', म्हणजे मागच्या दोऱ्या शाबूत असलेला, हा शब्द सोडून कुणी तो निकाल तुम्हाला सांगितला तर ऐकू नका.

आता इम्प्लांटकडे येतो. घरातल्या वादात एक गैरसमज दिसतो, दोन्ही तटांना तो आहे. स्क्रू-रॉडने मणका जुळतो असं सगळे धरून चाललेत. तो जुळतो हाडाच्या स्वतःच्या ताकदीने. इम्प्लांटचं काम फक्त तोवर धरून ठेवण्याचं. तुमच्या कुळागरात केळीला घड आला की बांबूचा टेकू लावता ना? घड बांबूमुळे पिकत नाही. पिकेपर्यंत केळ आडवी पडू नये म्हणून बांबू. आणि घड काढायला उशीर झाला तर कधीतरी बांबूही मोडतो.

धातूही तसाच थकतो. तारेचा तुकडा पुढे-मागे, पुढे-मागे वाकवत राहिलं की तो तुटतो, तीच गोष्ट. बाबा बरे झाल्यावर दिवसाला पाच हजार पावलं चालले तर सहा महिन्यांत नऊ लाख पावलं होतात, आणि प्रत्येक पावलाला स्क्रूवर थोडा ताण. ही शर्यत आहे. हाड आधी जुळलं तर भार हाडाने उचलला, स्क्रू निवांत. हाड जुळलं नाही तर स्क्रू कुठल्याही देशात बनलेला असो, तुटतो किंवा ढिला होतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट सांगतो. परांचीवरून पडलेला एक गवंडी, पस्तिशीचा. ठोकळ्याचा नुसता भुगा झालेला. मी वरच्या एका आणि खालच्या एका मणक्यात स्क्रू घालून आखूड फिक्सेशन केलं. एक्स-रे इतका देखणा आला की मी तो जुनिअर्सना दाखवला. आठव्या महिन्यात तो पाठ धरून परत आला. खालचे दोन्ही स्क्रू डोक्याच्या लगेच खाली तुटलेले, बाक होता तिथे परत. त्याच्या भावाचं म्हणणं पडलं की डुप्लिकेट माल घातला. माल ठीक होता. १९९४ साली मॅककॉर्मॅक आणि सहकाऱ्यांनी ठोकळ्याचा चुरा किती झालाय, तुकडे किती पसरलेत आणि बाक किती सरळ करावा लागला यावरून ३ ते ९ गुणांची पद्धत दिली होती. ७ किंवा वर गेलं की नुसते मागचे आखूड स्क्रू पुरत नाहीत. त्याचा जुना सीटी काढून मी मोजला, ८ आले. टेकू ज्याला टेकवायचा तो ठोकळाच समोर नव्हता. नऊ लाख पावलांचा भार चार स्क्रूंवर टाकला होता मी.

दुसऱ्यांदा छातीच्या बाजूने जाऊन चुरा काढला आणि टायटॅनियमच्या जाळीचा पिंजरा, आम्ही मेश केज म्हणतो, त्याच्याच हाडाच्या तुकड्यांनी भरून मधल्या जागेत बसवला. आता तो कंत्राटदार आहे. म्हणून तुमच्या सर्जनला कंपनी विचारण्याआधी हे विचारा: पुढचा ठोकळा भार घेण्याइतका शाबूत आहे का? नसेल तर तुम्ही काय जास्तीचं करणार? उत्तरं वेगवेगळी असू शकतात. दोन वर, दोन खाली असे लांब स्क्रू. किंवा मोडलेल्या मणक्यातही दोन आखूड स्क्रू, याने पकड बरीच वाढते. किंवा पुढून केज. विचारल्यावर सर्जन वैतागला तर मात्र तिसरं मत घ्यायला हरकत नाही.

स्क्रू नेमका कुठे जातो हे लोकांना माहीत नसतं. बहुतेकांना वाटतं मणक्याला बाहेरून पट्टी ठोकतात. मणक्याच्या पुढच्या ठोकळ्याला मागच्या कमानीशी जोडणारे दोन आखूड खांब असतात, डावा आणि उजवा. त्यांना पेडिकल म्हणतात. एल-वनच्या आसपास त्यांची रुंदी सातआठ मिलिमीटर. त्यातून साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर जाडीचा, चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर लांबीचा स्क्रू पुढच्या ठोकळ्यापर्यंत न्यायचा. आतल्या अंगाला मज्जारज्जू, खालच्या कडेला चिकटून नस. पॅरिसमध्ये रॉय-कामी यांनी १९६३ साली हा मार्ग पहिल्यांदा वापरला, तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला असणार. त्याआधी ह्यूस्टनच्या हॅरिंग्टन यांचे हुकांनी अडकवायचे रॉड होते, पोलिओने वाकलेल्या मुलांच्या पाठी सरळ करायला काढलेले, तेच लोक फ्रॅक्चरला वापरत. त्यात पाचसहा मणके जखडून जायचे.

ऑपरेशनमध्ये रुग्ण पालथा असतो. छातीखाली आणि कंबरेच्या हाडांखाली उशा, पोट मधे मोकळं लोंबतं. एवढ्यानेच दबलेला मणका काही अंशी उघडतो, सी-आर्म म्हणजे थिएटरमधल्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर दिसतं ते. मग जागा शोधून हाडाला टोच्याने भोक पाडतो आणि बोथट टोकाची सळी हाताने पुढे ढकलतो. पेडिकलच्या आतलं हाड मऊ, जाळीदार. ओल्या रेतीत काठी खुपसावी तशी कुरकुर हाताला लागते. ती कुरकुर चालू आहे तोवर सगळं ठीक. एकदम कडक लागलं तर भिंतीशी आलोय. एकदम सैल पडलं तर भिंत फुटली. सळी काढून घेतो आणि टोकाला बारीक गोळी असलेली तार आत घालून चारी भिंती आणि तळ चाचपतो: आत, बाहेर, वर, खाली, तळ. पाचही ठिकाणी हाड लागलं तरच स्क्रू. थिएटरमध्ये या वेळी कुणी गप्पा मारत नाही. आता नेव्हिगेशन आलंय, कॉम्प्युटर वाट दाखवतो, बाकदार पाठीत ते फार उपयोगी पडतं. साध्या एल-वनला मी अजून कुरकुरीवर जास्त विसंबतो.

चार किंवा सहा स्क्रू झाले की साडेपाच मिलिमीटरचा रॉड पाठीच्या गोलाईनुसार वाकवून स्क्रूंच्या डोक्यांत बसवायचा, वरून इनर, म्हणजे रॉड पक्का धरणारे छोटे स्क्रू, कसायचे. कसताना स्क्रूंमधलं अंतर थोडं ताणलं की ठोकळ्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेला लिगामेंट (वरच्या काट्यांमधल्या दोऱ्या वेगळ्या) ताठ होतो आणि नळीत सरकलेला तुकडा आपोआप पुढे ढकलतो. हे पहिल्या काही दिवसांत छान जमतं. दोन-तीन आठवड्यांनी तुकडा चिकटलेला असतो, मग तो हलत नाही. त्यामुळे घरातला वाद चतुर्थीपर्यंत लांबवू नका.

टायटॅनियम रॉडबद्दल एक धंद्यातली गोष्ट. तो एकदा वाकवला की परत उलटा वाकवायचा नाही. खाच पडते आणि पुढे तिथेच तुटतो. माप चुकलं तर नवा रॉड घ्यायचा. बिलात एक रॉड जास्त दिसला तर लगेच फसवणूक समजू नका.

आणि हो, ते लोखंड नाही. बहुतेक टायटॅनियमचं मिश्रण असतं, त्यात साधारण सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. गंजत नाही. ताठपणा स्टीलच्या जवळपास निम्मा, म्हणून हाडाशी बरं जमवून घेतो. पुढे एमआरआय करता येतो, फक्त स्क्रूच्या आजूबाजूचं चित्र थोडं फिसकटतं. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर यंत्र वाजलंच तर डिस्चार्ज कार्ड दाखवायचं. एकदा एका नातेवाइकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या फोटोत काही स्क्रू सोनेरी आणि काही निळे, सोनेरी महाग असतात का?" तो रंगही नसतो आणि सोनंही नसतं. टायटॅनियमवरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी बदलली की प्रकाशात रंग बदलतो. घाईत माप चुकू नये म्हणून जाडीप्रमाणे रंग ठरवलेले असतात.

भारतीय की परदेशी? ताज्या, साध्या फ्रॅक्चरसाठी परवानाधारक भारतीय टायटॅनियम सेट मी माझ्या सख्ख्या भावालाही घालीन. पैसे वाचवायचे तर इथे वाचवा. महागड्या सेटचा फायदा मोठ्या बाकांत, पुन्हा करायच्या ऑपरेशनमध्ये, हाड ठिसूळ असेल तेव्हा दिसतो. मात्र एक करा. प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं, ते केस पेपरवर चिकटवतात. त्याची प्रत मागून घ्या आणि रेशन कार्डासारखी जपून ठेवा. दहा वर्षांनी कुणाला ते स्क्रू काढायचे झाले तर कुठल्या कंपनीचा पाना लागेल हे त्यावरून कळतं. हे स्टिकर नसल्यामुळे मी एकदा तीन कंपन्यांचे पेचकस मागवून बसलो होतो.

खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरात असेलच. तीनपर्यंत माणसांच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर ४ लाख. खाजगीत करणार असाल तर पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलंय की वेगळं, हे भरती होण्याआधी लेखी विचारा. नंतर विचारलं की वाद होतात.

सिमेंटचं. आत्याचं फ्रॅक्चर ठिसूळ हाडाचं, पुढची कड चेपलेली, मागची भिंत बहुधा शाबूत. अशा मणक्यात सुईतून ॲक्रिलिक सिमेंट भरतात, ते काही मिनिटांत कडक होतं. फ्रान्समध्ये १९८४ साली हे सुरू झालं. दुखणं थांबल्याचं रुग्ण सांगतात, मीही करतो, पण २००९ साली दोन चाचण्यांत सिमेंट भरलेले आणि नुसती खोटी प्रक्रिया केलेले रुग्ण सारखेच बरे झाले. तेव्हापासून मी आधी काही आठवडे वाट बघतो. बाबांचं प्रकरणच वेगळं. त्यांची मागची भिंत फुटलीय, पातळ सिमेंट तिथून थेट नळीत उतरू शकतं. शिवाय सिमेंट म्हणजे हाड नव्हे. छप्पन्न वर्षांच्या, रोज कुळागरात राबणाऱ्या माणसाचं हाड स्वतः जुळू शकतं, त्याच्या वाटेत दगड कशाला ठेवायचा? सिमेंट स्क्रूची पकड वाढवायलाही वापरतात, भोकं असलेल्या स्क्रूमधून, पण तेही ठिसूळ हाडात. आत्याची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी चाचणी झालीय का बघा. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल आणि हाडाचं औषध चालू नसेल तर पुढचा मणका रांगेत उभा आहे. घरात या क्षणी बाबांपेक्षा आत्याची मला जास्त काळजी वाटते, खरं सांगायचं तर.

बाबांची साखर तपासलीत का? तुमच्या पत्रात उल्लेख नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. माझ्या ओपीडीत निम्म्या लोकांना आपली साखर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळते. वाढलेल्या साखरेवर धातू घातला की जंतुसंसर्गाची भीती वाढते, आणि इम्प्लांटवर एकदा पू धरला की महिनोन्‌महिने जातात. तंबाखू, विडी असेल तर आजपासून बंद. निकोटीन हाड जुळू देत नाही. वर सांगितलेल्या शर्यतीत ते स्क्रूच्या विरुद्ध बाजूने धावतं.

जन्मभर राहणार का? हाडाचं रोपण करून मणके कायमचे जोडले असतील तर स्क्रू तसेच राहतात, त्रास देत नाहीत तोवर कुणी हात लावत नाही. रोपण न करता बारीक छेदांतून नुसता आधार दिला असेल, तर हाड जुळल्यावर साधारण वर्ष-दीड वर्षाने काढून टाकण्याचा विचार करतात, म्हणजे अडकवलेले सांधे परत हलायला लागतात. तरुणांत मी काढतो. छप्पन्नला दोन्ही बाजू ऐकून तुम्हीच ठरवा.

पट्ट्यावर राहायचं ठरलं तर तोही काही सोपा मार्ग नाही. आपल्याकडच्या दमट हवेत पट्ट्याखाली पाठ शिजते. आतून सुती बनियन, दिवसातून दोनदा बदलायचं. तीन महिने. झोपताना काढायचा की नाही ते सर्जनला विचारा. दर काही आठवड्यांनी उभ्याने एक्स-रे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने जीव जातो. स्क्रू घातले तर बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाबा बसतील, चालतील. हाच ऑपरेशनचा खरा फायदा. पण बरं वाटायला लागलं म्हणून हाड जुळलेलं नसतं. जमिनीवर बसणं, वाकून उचलणं, स्कूटर, सगळं तीन महिने बंद. नारळाची गोणी सहा महिने नाही.

मागच्या पावसात असाच एक रुग्ण, सत्तरीतला, तिसऱ्या महिन्याचा एक्स-रे घेऊन आला. हाड छान धरलेलं. मी शाबासकी दिली. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "दोतोर, हांव परतून माडार चडूंक शकतलों?" बायको बाहेरूनच ओरडली, मला उत्तर द्यावं लागलं नाही. तुमचे बाबाही हे विचारतील. हाड जुळल्यावर बाकी सगळी कामं करा, माडासाठी मात्र दुसरा पाडेली बघा.